यूकेत क्रिमिनॉलॉजीचं मास्टर्स : कोर्स निवडण्यापासून डिसर्टेशनपर्यंत कसं करायचं

पहिल्यांदा एक गोष्ट क्लिअर करून टाकू, क्रिमिनॉलॉजी करून कोणी डिटेक्टिव्ह होत नाही. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, डीएनए, व्हिसेरा हे सगळं फॉरेन्सिक सायन्स, त्याला सायन्सची डिग्री लागते, लॅब लागते, आणि तेच करायचं असेल तर आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला सरकारी फॉरेन्सिक इन्स्टिट्यूट आहेत, आधी तिथं चौकशी करा की. क्रिमिनॉलॉजी हे सरळसरळ सोशल सायन्स आहे. एखाद्या गोष्टीला गुन्हा कोण ठरवतं, जेलमध्ये टाकल्याने माणूस सुधारतो का, काही वस्त्यांत पोलीस रोज फेरी मारतात आणि काही सोसायट्यांत फक्त पासपोर्ट व्हेरिफिकेशनला येतात ते का, असले प्रश्न असतात. वर्षभर वाचायचं, लिहायचं आणि थोडी आकडेमोड करायची. हे वाचून कंटाळा आला असेल तर लाखो रुपये वाचले समजा.

मी यूकेत केलं म्हणून तिथलंच लिहितेय, अमेरिका-ऑस्ट्रेलियाचं गणित वेगळं आहे. आणि मास्टर्सबद्दल लिहितेय, कारण बारावीनंतर लगेच तीन वर्षांच्या बीएला जाणं (स्कॉटलंडला तर चार) मला तरी पटत नाही. आधी इथंच सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, पॉलिटिक्स, लॉ, सोशल वर्क यातलं काहीतरी करा, खर्च दहावा हिस्सा पण होत नाही, आणि मग एक वर्षासाठी जा.

कोर्स निवडताना

नावावर जाऊ नका, नावं फार फसवी असतात. क्रिमिनॉलॉजी, क्रिमिनल जस्टिस, क्राइम सायन्स, फॉरेन्सिक सायकॉलॉजी, प्रोफेशनल पोलिसिंग हे पाच वेगवेगळे प्राणी आहेत. क्रिमिनॉलॉजीत थिअरी जास्त, क्रिमिनल जस्टिसमध्ये पोलीस-कोर्ट-जेल-प्रोबेशन (जेलबाहेर देखरेखीखाली ठेवणं) ही यंत्रणा कशी चालते ते जास्त. क्राइम सायन्स म्हणजे गुन्हेगाराच्या मनात शिरण्यापेक्षा गुन्हा घडण्याची संधीच कशी कमी करायची, त्यात डेटा, मॅपिंग, डिझाइन येतं, लंडनला यूसीएलमध्ये (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) जिल डँडो इन्स्टिट्यूट आहे ती याचसाठी ओळखली जाते. जिल डँडो ही टीव्हीवरची निवेदिका, १९९९ ला तिच्याच घराच्या दारात तिला गोळी घातली आणि तिच्या नावाने २००१ ला ही संस्था उभी राहिली. फॉरेन्सिक सायकॉलॉजीचे बरेच चांगले कोर्स ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेले असतात आणि तिथं तुमची आधीची डिग्री सायकॉलॉजीचीच आणि त्यांच्या निकषात बसणारी लागते, बीए सोशिऑलॉजीवाल्यांनी त्या नादाला लागू नये. प्रोफेशनल पोलिसिंगच्या डिग्र्या तर तिथल्या पोलिसांत भरती व्हायला काढल्यात आणि तिथल्या पोलिसांत भरती व्हायला आपल्यासारख्यांना आधी कायमचं राहायचं परमिशन लागतं, स्टुडंट व्हिसावर तो विषयच येत नाही. तरी एजंट लोक हा कोर्स बिनधास्त गळ्यात मारतात.

जुनं आणि मोठं नाव म्हणजे केंब्रिजचं इन्स्टिट्यूट ऑफ क्रिमिनॉलॉजी, लिऑन राझिनोविच यांनी १९५९ ला उभं केलेलं, तिथल्या डिग्रीला एमफिल म्हणतात पण ते मास्टर्सच आहे, घाबरू नका. ऑक्सफर्डला सेंटर फॉर क्रिमिनॉलॉजी आहे. पण लीड्स, मँचेस्टर, शेफील्ड, लेस्टर, कार्डिफ, एडिनबरा, ग्लासगो इथंही या विषयाचं काम दांडगं आहे, आणि तिथं राहण्याचा खर्च लंडनपेक्षा बराच कमी. माझं म्हणणं असं की वेबसाइटवर जाऊन स्टाफची यादी उघडा, कोण कशावर लिहितंय ते बघा, जेलवर, ड्रग्जवर, बायकांवरच्या हिंसेवर, सायबरवर, वसाहतकाळावर. तुमच्या डोक्यात जो विषय आहे त्यावर काम करणारी निदान दोन माणसं तिथं असली पाहिजेत, दोन अशासाठी की एक जण हमखास सबॅटिकलवर, म्हणजे लांबच्या अभ्यासरजेवर गेलेला असतो.

स्कॉटलंडला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, यूकेत तीन वेगवेगळ्या कायदेव्यवस्था आहेत, इंग्लंड-वेल्स एक, स्कॉटलंड एक आणि नॉर्दर्न आयर्लंड एक. इंग्लंडमध्ये दहा वर्षांच्या मुलावर गुन्हा दाखल होऊ शकतो, स्कॉटलंडमध्ये ते वय १२ आहे आणि तिथं बहुतेक मुलांच्या केसेस कोर्टाऐवजी चिल्ड्रन्स हिअरिंगमध्ये (मुलांसाठीच्या वेगळ्या सुनावणीत) चालतात. बालगुन्हेगारीत इंटरेस्ट असेल तर एडिनबरा-ग्लासगोकडे जरूर बघा.

अर्ज आणि एसओपी

मार्क साधारण ५५ ते ६० टक्क्यांच्या पुढे मागतात, मोठ्या युनिव्हर्सिट्या त्याहून जास्त. आयईएल्ट्सला (इंग्लिशची परीक्षा) बहुतेक ठिकाणी ६.५ चालतं, ऑक्सफर्ड-केंब्रिजला जास्त लागतं. काही युनिव्हर्सिट्या बारावीच्या इंग्लिशच्या मार्कांवर आयईएल्ट्स माफ करतात, त्यात सगळेच महाराष्ट्र बोर्ड धरत नाहीत, काही धरतात, तेव्हा अॅडमिशन ऑफिसला एक ईमेल टाका, फुकट आहे. अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये टाकून मोकळं व्हा, कारण स्कॉलरशिपच्या तारखा अॅडमिशनच्या आधी संपतात.

आता एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं तुमचं निवेदन. "लहानपणापासून मला क्राइम सिरियल बघायची आवड होती", "गुन्हेगाराच्या मनात काय चालतं याचं मला कुतूहल आहे", "मला समाजातून गुन्हेगारी नाहीशी करायची आहे", ही तीन वाक्यं आली की वाचणारा मनातल्या मनात जांभई देतो. त्याऐवजी तुम्ही स्वतः पाहिलेलं काहीतरी घ्या. समजा तुम्ही कॉलेजात असताना लीगल एड क्लिनिकला जात होतात, तर असं लिहा की जिल्हा कोर्टात जामीन मंजूर झालेली माणसं पंधरा-वीस हजाराचा जामीनदार मिळत नाही म्हणून आतच बसलेली पाहिली, आणि मला हे समजून घ्यायचंय की जामिनाचा कायदा गरिबावर आणि श्रीमंतावर सारखा का चालत नाही. बस. यात एक जागा आहे, एक प्रश्न आहे, आणि पुढचं वाक्य आपोआप सुचतं की तुमच्या अमुक मॉड्युलमध्ये (म्हणजे पेपरमध्ये) रिमांडवर, म्हणजे खटल्याआधी आत ठेवण्यावर शिकवतात म्हणून तुमच्याकडे यायचंय. टीव्हीची गरजच पडत नाही.

पैसा

फी बहुतेक युनिव्हर्सिट्यांत साधारण १८ ते ३० हजार पाउंडच्या मध्ये, मोठ्या नावांच्या ठिकाणी त्याहून जास्त. कोर्स १८० क्रेडिटचा, १२० क्रेडिट शिकवण्याचे आणि ६० डिसर्टेशनचे (शेवटचा मोठा प्रबंध), सप्टेंबरला सुरू झाला की पुढच्या सप्टेंबरात खेळ खल्लास, त्यामुळे एका वर्षाचाच राहण्याचा खर्च हा त्यातल्या त्यात फायदा.

स्कॉलरशिप बघताना आपल्या राज्याच्या आधी बघा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी या राज्याच्या संस्थेची आहे. या योजना क्यूएस नावाच्या कंपनीच्या युनिव्हर्सिट्यांच्या जागतिक रँकिंगवर चालतात, म्हणजे तुमचं डिपार्टमेंट कितीही नावाजलेलं असलं तरी युनिव्हर्सिटीचा एकूण नंबर यादीत बसत नसेल तर पदरात काही पडत नाही. म्हणून अर्ज करतानाच निदान दोन युनिव्हर्सिट्या रँकवाल्या ठेवा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, त्यात अनुसूचित जातींबरोबर विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांची मुलंही येतात, पण २०२२ ला त्यात भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास असे विषय वगळायची अट आली, आणि क्रिमिनॉलॉजी त्या सीमारेषेवरच उभी आहे. त्या वर्षीची जाहिरात शब्द न् शब्द वाचल्याशिवाय प्रपोजलमध्ये काय लिहायचं ते ठरवू नका. दोनेक वर्षं कामाचा अनुभव असेल तर ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग स्कॉलरशिप, त्याचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑगस्टच्या आसपास सुरू होतात आणि कोर्स झाल्यावर निदान दोन वर्षांसाठी भारतात परत यावं लागतं. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून चालू आहे, पण ती लोन स्कॉलरशिप आहे, फेडावी लागते.

व्हिसाचा पैसा हे वेगळंच प्रकरण. युनिव्हर्सिटीने कॅस (अॅडमिशन पक्कं झाल्याची नोंद) दिलं की व्हिसाला अर्ज करता येतो, आणि तेव्हा फीची उरलेली रक्कम अधिक राहण्याचा खर्च खात्यात दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून हा राहण्याचा आकडा लंडनसाठी महिना १५२९ आणि लंडनबाहेर ११७१ पाउंड आहे, जास्तीत जास्त ९ महिन्यांचा, म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ पाउंड. आकडा अधूनमधून बदलतो, अर्ज करायच्या दिवशी तिथल्या सरकारच्या साइटवर बघूनच हिशोब करा. हे पैसे सलग २८ दिवस खात्यात असले पाहिजेत आणि एक दिवस जरी खाली गेले तरी व्हिसा नाकारतात, पाउंडचा भाव हलतो म्हणून आठ-दहा टक्के जास्तच ठेवा. पैसे तुमच्या किंवा आई-बाबांच्या नावावरचे चालतात, काका, मामा, आजोबा यांचे चालत नाहीत, मग ते कितीही प्रेमाने देत असोत. त्यांनी द्यायचेच असतील तर वेळेत आई-बाबांच्या खात्यात टाकावेत. शेअर्स, म्युच्युअल फंड मोजत नाहीत, मोडता येणारी एफडी चालते, मान्यताप्राप्त बँकेचं एज्युकेशन लोनचं पत्र चालतं. आई-बाबांचं खातं दाखवताना तुमचा जन्मदाखला लागतो, आणि जुना ग्रामपंचायतीचा हाताने लिहिलेला मराठी दाखला असेल तर त्याचं सर्टिफाइड इंग्लिश भाषांतर करून घ्या. दाखल्यावर बाबांचं नाव 'बाळासाहेब' आणि बँकेत 'दत्तात्रय' असलं प्रकरण घरोघरी असतं, त्याचं अॅफिडेव्हिट मे महिन्यातच करून ठेवा, ऑगस्टमध्ये तहसीलला खेटे घालत बसू नका.

याशिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पाउंड, पण एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा कोर्सनंतर चार महिने जास्तीचा मिळतो म्हणून दीड वर्षाचा धरतात आणि ११६४ होतात. टीबीची टेस्ट त्यांनी मान्य केलेल्या सेंटरलाच करायची, घरच्या डॉक्टरचा एक्सरे चालत नाही. नवराबायको-मुलांना घेऊन जायचं असेल तर शिकवण्याच्या मास्टर्सला ते जानेवारी २०२४ पासून बंद झालंय.

तिथं पोचल्यावर

आठवड्याला दहा-बारा तास क्लास असतात, ते बघून मुलं खूश होतात आणि लगेच काम शोधायला पळतात. खरा अभ्यास रीडिंग लिस्टचा आहे, प्रत्येक सेमिनारला तीन-चार पेपर वाचून जायचे आणि तिथं बोलायचं. टर्ममध्ये आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि मास्टर्सवाल्यांची गोची अशी की डिसर्टेशनचे उन्हाळ्याचे महिने पण टर्मच धरतात, बॅचलर्सवाल्या मित्राने फुलटाइम सुरू केलं म्हणून तुम्ही करायचं नाही. सायकलवर फूड डिलिव्हरी म्हणजे सेल्फ एम्प्लॉयमेंट, ती स्टुडंट व्हिसावर अजिबात चालत नाही, दुसऱ्याच्या अकाउंटवर तर मुळीच नाही. क्रिमिनॉलॉजीच्या स्टुडंटने इमिग्रेशनच्या केसमध्ये सापडणं म्हणजे अगदीच हात दाखवून अवलक्षण.

मार्कांचा धक्का सगळ्यांनाच बसतो. पास ५०, मेरिट ६०, डिस्टिंक्शन ७०. इथं ८५ टक्क्यांची सवय असलेल्याला ६२ आले की रडू येतं, पण ६२ चांगले मार्क आहेत. मार्क कापतात ते जास्त करून एका कारणासाठी, आपल्याला थिअरी पाठ करून सांगायची सवय असते. मर्टन काय म्हणाला, बेकर काय म्हणाला, हिर्शी काय म्हणाला, प्रत्येकी एक पॅरा. त्यांना ते नको असतं. कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ ला सांगितलं की गुन्ह्यासाठी तीन गोष्टी एका जागी यायला लागतात, करायला तयार असलेला माणूस, सोपं सावज, आणि राखण करणारं कोणी नसणं. हे लिहून थांबू नका, ते ओटीपीच्या फ्रॉडला लावून बघा. तिथं 'एका जागी' म्हणजे कुठं? झारखंडमधला कॉल करणारा आणि सांगलीतल्या आजी एका जागी आलेच नाहीत कधी, आणि राखण करणारा कोण, बँक, टेलिकॉम कंपनी की नातू? इथून पुढे जे लिहाल त्याला मार्क मिळतात.

आकड्यांचं मॉड्युल बहुतेक कोर्सला कंपल्सरी असतं, एसपीएसएस किंवा आर ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर वापरायला लावतात, गणित आठवीच्या वर नाही पण तर्क लागतो. आणि माझ्या मते सगळ्यात मजा तिथेच आहे. इंग्लंड-वेल्समध्ये गुन्ह्यांचे आकडे दोन ठिकाणांहून येतात, एक पोलिसांनी नोंदवलेले आणि दुसरा क्राइम सर्व्हे, १९८२ पासून चालू आहे, त्यात घरोघरी जाऊन लोकांना विचारतात की गेल्या वर्षभरात तुमच्याबाबतीत काय काय घडलं, तक्रार केली असो वा नसो. त्यामुळे पोलिसांपर्यंत न गेलेला गुन्हा पण दिसतो. अर्थात खून त्यात येत नाही, मेलेल्या माणसाला विचारणार कसं. बेघर माणूस येत नाही, कारण त्याला घरच नाही. आपल्याकडे एनसीआरबीचे (नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो) आकडे फक्त पोलिसांनी नोंदवलेले, आणि त्यातही एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर सगळ्यात गंभीर गुन्हाच मोजतात. म्हणून एखाद्या राज्यात गुन्हे 'वाढले' अशी बातमी आली की तिथं गुन्हे वाढले की तक्रार नोंदवून घ्यायचं प्रमाण वाढलं हे आधी विचारायचं. गाडीची चोरी दोन्हीकडे नीट नोंदली जाते, प्रामाणिकपणामुळे नाही, इन्शुरन्सला पोलिसांचा कागद लागतो म्हणून. एवढं एक डोक्यात बसलं की पेपर वाचायची पद्धतच बदलते.

कोर्टात जाऊन बसा

हे कोणी सांगत नाही. तिथली फौजदारी कोर्टं उघडी असतात, पब्लिक गॅलरीत कोणीही फुकट जाऊन बसू शकतं. दारात सिक्युरिटी होते, फोन बंद ठेवायचा, फोटो आणि रेकॉर्डिंग हा गुन्हा आहे, लंडनच्या ओल्ड बेलीला तर फोन आणि मोठी बॅग आत नेऊच देत नाहीत. मोठ्या खटल्यांपेक्षा मॅजिस्ट्रेट्स कोर्टात जा, कारण दहातल्या नऊहून जास्त फौजदारी केसेस तिथंच संपतात. मी आमच्या शहरातल्या कोर्टात सकाळी दहाला जाऊन बसायचे. समोर तीन जण, साधे कपडे, काळा कोट नाही, विग नाही, आणि तिघांपैकी एकालाही कायद्याची डिग्री असायची गरज नसते, ते बिनपगारी काम करणारे साधे नागरिक असतात, एक रिटायर्ड शिक्षिका वाटायची. कायदा काय सांगतो ते त्यांना सांगायला समोर खाली लीगल अॅडव्हायझर बसलेला. एकाने सुपरमार्केटमधून चीज आणि मटणाचे पॅक उचललेले, नाव, पत्ता, जन्मतारीख, गिल्टी, वकील दोन वाक्यं बोलला की हा ड्रग्जच्या ट्रीटमेंटला जातोय, तिघं आपसात कुजबुजले, निकाल, पुढचा. माझ्या वहीत तारीख टाकून होईपर्यंत माणूस बाहेर. वर्गात एवढं शिकवत होते की लवकर गुन्हा कबूल केला तर शिक्षेत एक तृतीयांशपर्यंत सूट मिळते, ती सूट माणसाला काय करायला लावते ते गॅलरीत बसल्यावर दिसतं. आपल्याकडे तारीख पे तारीख आणि तिथं पाच-सात मिनिटांत उरकतं, यातलं न्याय्य कुठलं यावर मी एक अख्खा एसे लिहिला.

नॉटिंगहॅमला नॅशनल जस्टिस म्युझियम आहे, जुनं कोर्ट आणि खाली जेल, एखादा रविवार द्या.

डिसर्टेशन

इथे लोकांचे नाकी नऊ येतात, म्हणून जरा सविस्तर. जेलमधल्या कैद्यांच्या मुलाखती घ्यायच्या, हे स्वप्न पहिल्याच आठवड्यात सोडून द्या. तिथल्या जेलमध्ये रिसर्चला वेगळी कमिटी परवानगी देते आणि मास्टर्सच्या पोरांना सहसा देत नाही, आणि महाराष्ट्रातल्या जेलची परवानगी येईपर्यंत तुमचा व्हिसा संपलेला असेल. शिवाय माणसांशी बोलायचं कुठलंही काम असेल तर युनिव्हर्सिटीची एथिक्स मंजुरी लागते, फॉर्म, कन्सेंटचा नमुना, डेटा कुठे ठेवणार, सगळं. मंजुरीच्या आधी घेतलेली एकही मुलाखत वापरता येत नाही. दहशतवाद किंवा एक्स्ट्रिमिझमवर काम करायचं असेल तर आधी सुपरवायझरशी बोला, नंतर डाऊनलोड करा, हा क्रम उलटा नको. तिथं अशा कामाचं काही मटेरियल नुसतं जवळ बाळगणं पण गुन्हा ठरू शकतं, अभ्यासासाठी बचाव आहे पण तो कागदावर आधीपासून असलेला बरा.

मग करायचं काय? एक तर तयार डेटा घ्या, यूके डेटा सर्व्हिसवर क्राइम सर्व्हेचा डेटा स्टुडंटला रजिस्टर करून फुकट मिळतो. नाहीतर कागदपत्रं, निकालपत्रं, जुने रिपोर्ट घ्या, आणि इथे आपल्यासारख्यांच्या हातात एक हुकमाचा पत्ता आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स, म्हणजे ब्रिटिश राजवटीची भारताबद्दलची कागदपत्रं आहेत, रीडर पास फुकट मिळतो, मुंबई इलाख्याचे पोलीस आणि जेलचे जुने रिपोर्ट तिथं टेबलावर आणून देतात. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, हजेरी लावली, १९११ ला हा कायदा मुंबई इलाख्यात आला आणि आपल्याकडच्या पारधी, कैकाडी अशा समाजांना तारेच्या कुंपणात ठेवलं, सोलापुरात सेटलमेंट हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण गावात चोरी झाली की पहिली धाड कुणाच्या पालावर पडते ते सांगायला नको. लेबलिंग थिअरी (गुन्हेगार असा शिक्का मारला की माणूस तसाच होत जातो) शिकवताना ते १९६० च्या दशकातल्या अमेरिकेची उदाहरणं देतात, तुमच्याकडे त्याच्या नव्वद वर्षं आधीचं कायद्यात लिहिलेलं लेबल आहे. सेमिनारमध्ये हे मांडा, वर्गातला माहोल बदलतो.

दुसरा असाच विषय म्हणजे खुली कारागृहं. इंग्लंडमधलं पहिलं वेकफील्डजवळ १९३६ ला सुरू झालं, आणि आपल्याकडे औंध संस्थानाच्या काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत निघाली, तीही जवळपास त्याच सुमारास. दोन्हीची तुलना करायला मराठी वाचता येणारा माणूस लागतो, तिथल्या प्राध्यापकांना ते जमणार नाही. तुमची भाषा हेच तुमचं भांडवल आहे, मराठी पेपर, मराठी आत्मकथनं, हायकोर्टाच्या निकालांतल्या मराठी साक्षी, हे सोर्स म्हणून वापरा, भाषांतर स्वतः केलंय एवढं पद्धतीच्या चॅप्टरमध्ये लिहा. 'यूकेतील नाइफ क्राइम' यावर दरवर्षी ढीगभर डिसर्टेशन येतात.

वाचताना त्रास होतो हे पण सांगते. लैंगिक हिंसा, बालशोषण, खुनाच्या केस फाइल्स, रात्री रूमवर एकटीने वाचणं सोपं नाही. मी असलं वाचन दिवसा लायब्ररीतच करायचे, आणि युनिव्हर्सिटीची काउन्सेलिंग सर्व्हिस फीमध्येच येते, वापरायला लाजू नका.

नंतर काय

कोर्स संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, सध्या दोन वर्षं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच. त्यानंतर तिथं राहायचं तर स्किल्ड वर्करची नोकरी, जुलै २०२५ पासून पगाराची साधारण अट ४१,७०० पाउंड, नव्याने लागणाऱ्यांना ३३,४००, आणि काम डिग्री लेव्हलचं. पोलीस, प्रोबेशन, जेल, होम ऑफिस (तिथलं गृहखातं) इथं सिक्युरिटी व्हेटिंग, म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी असते आणि त्यात तुम्ही यूकेत काही वर्षं राहिलेले असावं लागतं, तेव्हा तिकडे आशा ठेवू नका. नोकऱ्या खरंच मिळतात त्या फ्रॉड, मनी लाँडरिंग, केवायसी, कम्प्लायन्स अशा टीममध्ये, आणि गंमत म्हणजे त्याच बँकांची तीच कामं पुण्यात आणि मुंबईत पण चालतात. म्हणून ऑप्शनल मॉड्युल घेताना एक तरी फायनान्शियल क्राइम किंवा सायबर क्राइमचं घ्या, बाकी मनासारखं करा.

परत येऊन पोलिसात जायचं असेल तर एमपीएससी-यूपीएससीला कुठलीही डिग्री चालते, क्रिमिनॉलॉजीने जास्तीचे मार्क मिळत नाहीत. शिकवायचं असेल तर यूजीसी नेटला क्रिमिनॉलॉजी हा वेगळा विषय आहे. एनजीओत जायचं असेल तर टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) प्रयास प्रकल्प जेल आणि कोर्टातल्या माणसांबरोबर वर्षानुवर्षं काम करतोय, उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे यूकेला जायच्या आधीच, अशा ठिकाणी थोडं काम करून जा, एसओपीला आणि डिसर्टेशनला दोन्हीकडे कामी येतं. यूकेचं एक वर्षाचं मास्टर्स भारतात चालत नाही असं अजून कोणी कोणी सांगतं, जुलै २०२२ ला भारत आणि यूकेमध्ये डिग्र्या एकमेकांनी मानायचा करार झाला त्यात एक वर्षाचं मास्टर्स पण आहे, तरी सरकारी किंवा कॉलेजच्या नोकरीला इक्विव्हॅलन्स सर्टिफिकेट (डिग्री इथल्या डिग्रीच्या बरोबरीची असल्याचा दाखला) मागतात. त्यासाठी मूळ ट्रान्सक्रिप्ट आणि मॉड्युलचं वर्णन लागतं, आणि युनिव्हर्सिटीचं लॉगिन कोर्स संपल्यावर काही महिन्यांत बंद होतं, तेव्हा मॉड्युल हँडबुक, मार्कशीट, ईमेल, डिसर्टेशनची शेवटची फाइल सगळं निघायच्या आधी स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि ट्रान्सक्रिप्टच्या दोन सीलबंद कॉपी तिथूनच मागवा, भारतातून मागवायला कुरिअरचे पैसे आणि वेळ दोन्ही जातं.